स्पिरिटचा दिवा आणि वर्गातील दक्षता



विज्ञानाच्या साहित्यपेटीत काचेचा एक लहानसा दिवा असतो. त्यात स्पिरिट घालून सुती वात लावतात आणि त्याच्या ज्योतीवर परीक्षानळीतील पाणी तापवून दाखवितात. या ज्योतीला धूर नाही, काजळी नाही. त्यामुळे हा दिवा रॉकेलच्या चिमणीहून निरुपद्रवी आहे अशी समजूत सहज होते. ही समजूत घातक होय. ती का घातक आहे हे ज्या शिक्षकास उमगले, त्यास दक्षतेचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

वातीवर द्रव जळत नाही; जळते ती त्याची वाफ. रॉकेल साधारणतः ३५ अंश सेल्सियसच्या पुढे तापल्यावाचून पेट घेण्याइतकी वाफ देत नाही. शुद्ध मद्यार्क मात्र सुमारे १३ अंशांवरच तेवढी वाफ देतो. म्हणजे माघातील गार सकाळीही स्पिरिटच्या उघड्या बाटलीच्या तोंडाशी पेटण्याजोगी वाफ असते. ही वाफ हवेहून जड असल्याने टेबलावरून खाली उतरते व जमिनीलगत पसरते. निम्मे पाणी मिसळले तरी निर्धास्त होऊ नये. असे मिश्रणही सुमारे २४ अंशांवर पेट घेते. हात निर्जंतुक करण्याचे द्रव २०२० च्या साथीत शाळाशाळांतून आले. त्यांतील बहुतेकांत मद्यार्कच असतो, हेही येथे ध्यानी ठेवावे.

आता अर्धवट रिकाम्या दिव्याचा विचार करावा. द्रवाच्या वर जी मोकळी जागा असते तीत वाफ व हवा यांचे मिश्रण साठते, आणि आपल्याकडील नेहमीच्या तापमानात ते नेमके स्फोट होण्याजोगे असते. म्हणून धोका भरलेल्या दिव्यापेक्षा सरत आलेल्या दिव्यात अधिक असतो. दिवा दोनतृतीयांश भरावा आणि एकतृतीयांशाखाली जाऊ देऊ नये, या नियमाचे मर्म हेच.

दुसरा धोका ज्योतीच्या रंगाचा. स्पिरिटची ज्योत फिकट निळी असते व उन्हात ती जवळजवळ दिसत नाही. दिवा विझला असे वाटून त्यात पुन्हा स्पिरिट ओतले जाते, आणि ज्योत धारेवरून थेट बाटलीत शिरते. जानेवारी २०१४ मध्ये न्यूयॉर्क शहरातील एका शाळेत रंगीत ज्योतींचा प्रयोग चालू असता मोठ्या बाटलीतून मिथिल अल्कोहोल ओतले गेले. वाफेने पेट घेतला व दोन विद्यार्थी भाजले. त्यांपैकी एकाची इजा अतिशय गंभीर होती. त्याच वर्षी अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने शाळांना बजावले, की ज्वालाग्राही द्रवाचे मोठे भांडे प्रात्यक्षिकाच्या जागी आणूच नये.

यावरून शिक्षकाने पाळावयाचा क्रम स्पष्ट होतो. दिवा वर्ग भरण्यापूर्वी, नरसाळ्याने, दुसऱ्या खोलीत भरावा. सांडलेले स्पिरिट पुसून तो फडका बाहेर वाळत घालावा. मोठी बाटली कपाटात कुलूपबंद करून मगच काडी ओढावी. मुलांना दोन हात दूर उभे करावे. दिवा फुंकून विझवू नये, टोपण घालावे. तो पुन्हा भरावयाचा असल्यास काच पूर्ण थंड होऊ द्यावी. शेजारी वाळूची बादली व ओले गोणपाट असावे. स्पिरिट पाण्यात पूर्णपणे मिसळते, त्यामुळे भरपूर पाण्यानेही ही आग विझते. रॉकेलच्या आगीवर मात्र पाणी टाकू नये.

हीच गोष्ट घरच्या स्टोव्हची. रॉकेलच्या वातीच्या स्टोव्हमध्ये रॉकेलऐवजी स्पिरिट कदापि घालू नये. त्याची टाकी ज्योतीच्या निकट असून तापते, आणि स्पिरिट ७८ अंशांवरच उकळते. मद्यार्कावर चालणारा स्टोव्ह मुळात त्यासाठीच बांधलेला असावा लागतो. पंपाचा स्टोव्ह किंवा गॅसबत्ती पेटविताना वाटीतील स्पिरिट अपुरे पडले, तर ती थंड झाल्यावाचून वरून पुन्हा ओतू नये.

स्पिरिट हे विषही आहे. ते पिता येऊ नये म्हणून त्यात पुष्कळदा मिथिल अल्कोहोल मिसळतात. त्याने दृष्टी जाते व प्राणही जातो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे मिथिल अल्कोहोलयुक्त दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. म्हणून शाळेतील स्पिरिट पाण्याच्या वा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नये, आणि बाटलीवर ठळक अक्षरांत ‘विष’ असे लिहावे.

इतके करूनही मूल भाजलेच, तर भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. शाई, हळद, तूप यांपैकी काहीही न लावता स्वच्छ कापडाने झाकून मुलास दवाखान्यात न्यावे. कपडे पेटल्यास त्यास धावू न देता जमिनीवर लोळवावे.

या सर्व गोष्टींच्या भयाने दिवा पेटीतच बंद ठेवावा असे मात्र नाही. बाटली कपाटात गेल्यावरच काडी ओढणारा शिक्षक मुले रोज पाहत असतात. पुढे घरी चूल, स्टोव्ह वा दिवा पेटविताना त्यांचा हात तोच क्रम पाळील. पाणी किती अंशांवर उकळते हे ती कदाचित विसरतील; हा धडा विसरणार नाहीत.