दुकानातला खिळा आणि झेंड्याचा रंग

निवडणूक लागली की आपल्या बाजारपेठेचं रूपच पालटतं. किराणा दुकानाच्या शटरवर स्टिकर, चहाच्या टपरीवर झेंडा, शिलाईच्या दुकानात नेत्याच्या फोटोचं कॅलेंडर. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, तिथे पॅनेल असतात. जिल्हा परिषदेला मात्र चिन्ह येतं, आणि कोणाच्या दारात काय लटकतंय यावरून गावात हिशेब मांडले जातात.

आमच्या बचत गटाचं दुकान एसटी स्टँडसमोर आहे. पापड, शेवया, भाजणी, चटण्या. मागच्या खेपेला एका बाजूची पोरं आली आणि भिंतीवरच्या खिळ्याला कॅलेंडर अडकवून गेली. “काकू, राहू द्या की, फुकटच आहे.” दोन दिवसांत दुसऱ्या बाजूच्या घरांतल्या नेहमीच्या बायका दुकान ओलांडून पुढे जायला लागल्या. एकीने लेकीच्या रुखवतासाठी सांगितलेले पापड नको म्हणून निरोप धाडला. पीठ तेच, लाटणारे हात तेच! कॅलेंडर काढावं तर पहिली बाजू रुसणार. त्यात आम्ही अकराजणी, आणि आमची घरं तीन पक्षांत वाटलेली. (नवऱ्यांची म्हणा. आम्ही कोणाला मत देतो ते आम्ही घरात सांगत नाही.)

आचारसंहितेत एक गोष्ट स्पष्ट आहे. मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या जागेत झेंडा, फलक, पत्रक लावता येत नाही. गटाच्या दुकानाच्या मालक अकराजणी, तेव्हा परवानगीही अकराजणींची हवी. तसा ठराव वहीत लिहिला, सह्या केल्या, आणि कॅलेंडर गुंडाळून ज्याचं त्याला नेऊन दिलं. “मग सावित्रीबाईंचा फोटो कसा चालतो?” असं एकाने विचारलं. त्यावर अकराजणींची सही आहे, दादा.

शेजारच्या सलूनवाल्यांनी मात्र आपल्या नेत्याचा फोटो हौसेने लावलाय. तो त्यांचा हक्क. आमची पोरं केस कापायला तिथेच जातात.

एखाद्या दुकानात खरेदी न करणं हाही हक्कच आहे. 1930 साली मुंबईत देशसेविका केशरी खादी नेसून विदेशी कापडाच्या दुकानांपुढे उभ्या राहत. गिऱ्हाइकाला हात जोडून विनवायचं, दांडगाई करायची नाही, अशी गांधीजींची अट होती. केशरी रंग तेव्हा काँग्रेसच्या बायकांच्या अंगावर होता, हेही आज कोणाला आठवत नाही.

विनवणं वेगळं आणि धमकावणं वेगळं. नोव्हेंबर 2020 मध्ये वांद्र्याच्या ‘कराची स्वीट्स’मध्ये शिवसेनेचे एक नेते गेले आणि नाव बदला म्हणाले. दुकानदाराने पाटीवरचं ‘कराची’ वर्तमानपत्राच्या कागदाने झाकलं. ही पक्षाची भूमिका नाही, असं संजय राऊतांना सांगावं लागलं. पण तोवर कागद चिकटवून झाला होता. फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी माणसांनी आपल्या शहराचं नाव जपलं, त्यात पक्ष कुठला आला?

तुमच्या दुकानात कोणी न विचारता काही लावलं, किंवा लावलेलं काढा म्हणून दटावलं, तर निवडणुकीच्या काळात तहसील कचेरीत लेखी तक्रार देता येते. एकटीने जाऊ नका. दोघी-तिघी मिळून जा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका.