आईची मांडी आणि गाडीचा पट्टा

(नेसरी येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

नेसरी म्हटलं की बाहेरगावचा माणूस आधी खिंडीबद्दल विचारतो. १६७४ साली प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार इथं पडले, तेव्हापासून सात हा आकडा या गावाचाच झाला आहे. आमच्या घरच्या गाडीतही सातच जण बसायचे. गाडी पाच जणांची, जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. पुढे नवरा आणि मामंजी. मागे आत्ती, मी, नणंद, आणि आमच्या दोघींच्या मांडीवर एकेक मूल. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

आज मी एका छोट्या वस्तूबद्दल बोलणार आहे. तिला बूस्टर सीट म्हणतात. जेवायला बसताना आपण लहान मुलाला पाट देतो ना, तसा हा गाडीतला पाट. मूल त्यावर बसलं की थोडं उंच होतं आणि गाडीचा पट्टा त्याच्या अंगावर नीट बसतो. एवढंच त्याचं काम. महिलांच्या बैठकीत हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. मलाही आधी तो दुकानातला विषय वाटला होता. पण ती सीट आमच्या गाडीत बसवता बसवता घरातल्या बऱ्याच गोष्टी उघड्या पडल्या, म्हणून सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. उसाचा हंगाम चालू होता. गडहिंग्लजला लग्न होतं, परतताना रात्र झाली. मी मागच्या सीटवर मधोमध, चार वर्षांची मुलगी माझ्या मांडीवर झोपलेली. पुढे उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चालला होता. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, काही नाही. नवऱ्यानं ऐन वेळी ब्रेक दाबला. गाडी ट्रॉलीला टेकलीसुद्धा नाही. पण मुलगी माझ्या हातांतून सुटली, दोन सीटांच्या मधून पुढे गेली आणि तिची भुवई फुटली. पाच टाके पडले.

दवाखान्यात पहिला प्रश्न मला विचारला गेला : "तुमचं लक्ष कुठं होतं?" घरी आल्यावर शेजारणींनी तोच विचारला. माहेरहून फोन आला, त्यातही तोच. ट्रॉलीला दिवा का नव्हता, गाडीत सात जण का होते, पट्टा कुणी का लावला नव्हता, हे कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही स्वतःला तेच विचारत होते. माझ्या हातात जोर कमी पडला, मी झोपेत होते, मी आई म्हणून कमी पडले. पुष्कळ दिवस हे माझ्या मनात होतं.

मग एकदा मी हिशेब मांडला. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगानं जाऊन एखाद्या घट्ट वस्तूवर आदळली, तर १५ किलोच्या मुलाचा भार क्षणभर ३०० किलोच्या वर जातो. सिमेंटची सहा पोती. ती कुठली आई धरून ठेवणार? पैलवान असली तरी नाही. शिवाय आईनं स्वतः पट्टा लावलेला नसेल तर तीही पुढे फेकली जाते, आणि पुढची सीट आणि आईचं अंग यांच्यामध्ये मूल चिरडतं. दोघींना मिळून एकच पट्टा लावला तरी हेच होतं. आमच्या बाबतीत नुसता ब्रेक लागला होता. धडक झाली असती तर आज मी इथं बोलायला उभी नसते.

म्हणजे प्रश्न माझ्या लक्षाचा नव्हताच. आईच्या कुशीसारखी सुरक्षित जागा नाही, असं आपण म्हणतो, ऐकतो आणि पोरींना शिकवतो. घरात ते खरं असेल. धावत्या गाडीत ते खरं नाही. आणि ते खरं मानल्यामुळे एक सोय होते : पट्ट्याचं काम आईच्या हातांवर टाकता येतं, आणि काम बिघडलं की दोषही तिच्यावर टाकता येतो.

कायदा मात्र तसं म्हणत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९४ ब घातलं गेलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीचं आसन न लावता जो गाडी चालवेल, किंवा दुसऱ्याला तशी चालवू देईल, त्याला १,००० रुपये दंड. कलमात आई हा शब्द नाही. जबाबदारी आहे ती स्टिअरिंगवर बसणाऱ्याची आणि त्याला तशी गाडी नेऊ देणाऱ्याची. मी हे कलम घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. नवरा गप्प राहिला. मग म्हणाला, "बरं, सीट घेऊ." इथवर सोपं झालं.

साडेचार हजार रुपयांची सीट मागवली. मामंजींना किंमत जास्त वाटली. गाडीच्या सीटकव्हरांना याहून जास्त मोजले होते, याची मी आठवण करून दिली. सीट आली, पण गाडीत बसेना. कारण पट्ट्याचं बक्कलच सापडेना! ती भारी कव्हरं चढवणाऱ्यानं मागची तिन्ही बक्कलं कव्हराखाली गाडून टाकली होती. गाडी घरात येऊन तीन वर्षं झाली होती आणि मागे पट्टे आहेत हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मागे बसणाऱ्या बायकांना पट्टा लागतो, हे त्या कव्हरवाल्याच्या मनात आलं नाही, आणि आमच्याही नाही.

कव्हर उसवून बक्कलं बाहेर काढली. मग कळलं, मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा आहे. बूस्टरला तो चालत नाही. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा, तीन ठिकाणी अडकणारा पट्टाच लागतो. म्हणून सीट खिडकीकडे घेतली. तिथं वेगळीच अडचण. सीट रुंद होती, ती बक्कलावर बसायची आणि बक्कल तिच्याखाली दबायचं. पाच वर्षांच्या मुलीला सोडा, मलाही ते लावता येईना. ती सीट परत केली.

दुसऱ्या वेळी शहाणपण आलं. मी मुलीला आणि गाडीला घेऊन कोल्हापुरात दुकानात गेले. दुकानदार सगळं माझ्या नवऱ्यालाच सांगत होता, जणू मी पिशवी धरायला आले होते. मी सीट उचलली आणि गाडीत ठेवून बघितली. तिथं जे शिकले ते सांगते, कारण ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना उपयोगी पडेल.

आधी गाडी बघा, मग सीट घ्या. बक्कल सीटच्या बाजूला मोकळं राहायला हवं. पाठ असलेली सीट असेल तर ती गाडीच्या पाठीला टेकली पाहिजे. गाडीचा डोक्याचा टेकू तिला पुढे ढकलत असेल तर तो वर करून किंवा काढून बघा. मग मुलाला बसवून पट्टा लावा. कमरेचा भाग मांडीच्या वरच्या टोकाला, कमरेच्या हाडांवर यावा. पोटावर आला तर धडकेत तोच पट्टा आतडी फाडू शकतो. वरचा भाग खांद्याच्या मधोमध यावा. मानेवर नको, आणि काचतो म्हणून काखेखालून तर मुळीच नको. लेबलावर वजन-उंची बघा आणि आपल्याकडचं एआयएस ०७२ हे मानक किंवा युरोपातलं आर ४४ वा आर १२९ हे मानक आहे का ते पाहा. बूस्टर साधारण चार वर्षांच्या पुढच्या, १५ किलो भरलेल्या मुलासाठी. त्याहून लहान मुलाला स्वतःचे पट्टे असलेलं वेगळं आसन लागतं, आणि तान्ह्या बाळाचं आसन मागे तोंड करून लावायचं असतं. ते पुढच्या सीटवर, एअरबॅगसमोर कधीही लावू नका. एकदा अपघातात सापडलेली सीट पुन्हा वापरू नका.

बूस्टर कधी सोडायचं, तर उंची साधारण १४५ सेंटिमीटर झाल्यावर. मूल पाठ टेकून बसलं असताना गुडघे सीटच्या कडेला वाकले पाहिजेत आणि पट्टा आपोआप बरोबर जागी आला पाहिजे. हे मी घरी सांगत होते, तेव्हा आत्ती म्हणाल्या, "मग माझ्या मानंवर का येतोय पट्टा?" आत्तींची उंची जेमतेम चार फूट दहा इंच. म्हणजे १४७ सेंटिमीटर. मैत्रिणींनो, त्या क्षणी मला ही गोष्ट फक्त मुलांची नाही हे कळलं. तीन ठिकाणी अडकणारा पट्टा १९५९ साली स्वीडनमध्ये निल्स बोलिन या इंजिनिअरनं आणला आणि त्यानं असंख्य जीव वाचवले. पण गाड्या आदळवून तपासताना आत ठेवतात त्या पुतळ्यांचं मुख्य माप वर्षानुवर्षं सरासरी पुरुषाचं राहिलं. बाईचा म्हणून जो पुतळा होता तो पुरुषाच्या पुतळ्याचीच लहान आवृत्ती. सरासरी बाईच्या बांध्याचा पुतळा स्वीडनमध्येच अॅस्ट्रिड लिंडर या संशोधिकेच्या पुढाकारानं तयार झाला, तो २०२२ साली. मापच ज्याचं घेतलं नाही, त्याला वस्तू बसणार कशी? म्हणून आपण पट्टा काढून टाकायचा असं नाही. पट्टा वर-खाली करायची खुंटी असेल तर ती आपल्या उंचीला लावून घ्यायची. गरोदर बाईनंही पट्टा लावायचा; खालचा भाग पोटाच्या खाली, हाडांवर.

आता खरी अडचण. सीट बसली, पण गाडीत आता पाचच जण मावायचे. अमावस्येला आदमापूरला निघालो, तेव्हा माणसं सात. उतरायचं कुणी? कुणी काही म्हणालं नाही आणि मीच उतरले. "मी एसटीनं येते," म्हटलं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेही सोयीचं. नणंद तिच्या बाळाला घेऊन माझ्याबरोबर आली. स्टँडवर उभी असताना माझ्या लक्षात आलं, की मुलीला जागा मिळाली ती माझी. आणि मुलीच्या सीटसाठी भांडणारी मी, स्वतःच्या जागेबद्दल अवाक्षर बोलले नव्हते.

पुढच्या खेपेला मी पुन्हा पिशवी उचलली, तेव्हा आत्ती दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बायकास्नी अर्धं तिकीट हाय म्हणून काय दर येळी बाईनंच उतरायचं व्हय?" त्या दिवशी मामंजी आणि नवऱ्याचा भाऊ एसटीनं आले. आत्ती आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसल्या. पट्टा त्यांना लावता येत नव्हता, तो मी लावून दिला. तेव्हापासून पाळी ठरली आहे. दर वेळी कुरबूर होते, मामंजी अजूनही "एवढ्यानं काय हुतंय" म्हणतात. पण पट्टा लागल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडते ती माझी मुलगी.

तुमच्यातल्या पुष्कळ जणी म्हणतील, आमच्याकडे कुठली चारचाकी? आमची पोरं वडापात दाटीनं बसतात नाहीतर मोटारसायकलच्या टाकीवर. बरोबर आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून दुचाकीवरही नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि हेल्मेट घालायचा नियम आहे, वेग ताशी ४० च्या आत. आपल्यापैकी किती जणींना तो माहीत होता? २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात पट्टा न लावलेली १६,७१५ होती, आणि त्यातली जवळजवळ निम्मी गाडी चालवत नव्हती, नुसती बसलेली होती. आपण सगळ्या बसणाऱ्याच असतो.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी आज घरी गेल्यावर मागच्या सीटमध्ये हात घालून बक्कलं शोधावीत. ज्यांची मुलं शाळेच्या गाडीनं जातात त्यांनी मिळून गाडीवाल्याशी बोलावं. एकटीनं गेलं की तो हसतो. आणि हंगाम सुरू होण्याआधी उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा आणि चमकपट्टी लावण्याचा विषय आपण ग्रामसभेत मांडू या. मी अर्ज लिहून आणला आहे, सह्या करायच्या आहेत.

माझी मुलगी अजून चार-पाच वर्षांनी ती सीट सोडेल. तोवर प्लॅस्टिक तडकलं नाही, वापरायची मुदत संपली नाही आणि गाडीला अपघात झाला नाही, तर ज्या मैत्रिणीला हवी तिनं आत्ताच सांगून ठेवावं. फक्त तिनं आधी आपली गाडी घेऊन यावं. बसते का ते बघूनच देईन.

एवढं बोलून थांबते. सह्यांचा कागद दाराजवळ ठेवला आहे.