खसखशीच्या बोंडातलं युद्ध

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०१२ साली आपल्या बीड जिल्ह्यात एक प्रकरण गाजलं होतं. परळी तालुक्यात शेतात उभी असलेली खसखस पोलिसांनी जप्त केली आणि शेतकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. शेतकरी म्हणाले, आम्ही खसखस लावली. कायदा म्हणाला, ही अफू आहे. बोंड एकच. हिरवं असताना चिरा दिल्या की चीक पाझरतो, तो सुकला की अफू. वाळू दिलं की आत खसखस.

या बोंडापायी इंग्रज आणि चिनी दोनदा लढले. १८३९ ते १८४२, आणि पुन्हा १८५६ ते १८६०. शाळेत 'अफूच्या युद्धाची कारणे लिहा' असा प्रश्न असे. आम्ही ती पाठ केली. त्यात आपला मुलूख कुठंच नव्हता.

खरं तर सुरुवात झाली चहापासून. हा शब्दही चीनचाच. इंग्रजांना चहाचं वेड लागलं, चहा मिळे चीनमध्ये, आणि मोबदल्यात चीनला हवी चांदी. विलायती माल त्यांना नको होता. व्यापाराला बंदर एकच, कॅन्टन, तेही ठरावीक चिनी व्यापाऱ्यांमार्फत. १७९३ साली लॉर्ड मॅकार्टनी सवलती मागायला गेले, ते रिकाम्या हातानं परतले. मग चांदीऐवजी द्यायला कंपनी सरकारनं हिंदुस्थानातली अफू पुढं केली. बिहारात रयतेला उचल द्यायची, खसखस लावून घ्यायची आणि चीक आपण ठरवू त्या भावानं घ्यायचा. उचल म्हणजे काय, हे ऊसतोड कामगारांच्या या जिल्ह्यात मी सांगायला नको.

चीनमध्ये अफूच्या विक्रीवर १७२९ सालीच बंदीचा हुकूम निघाला होता. म्हणून कंपनी कलकत्त्याला लिलाव करून हात झटकी. पुढची चोरटी वाहतूक खासगी व्यापाऱ्यांची.

दुसरी अफू माळव्याची, म्हणजे होळकर-शिंद्यांच्या मुलखातली. तिथं कंपनीची मक्तेदारी चालेना, तेव्हा मुंबईहून माल न्यायचा तर परवान्याचे पैसे भरा, असं ठरलं. १८३३ च्या कायद्यानं चीनच्या व्यापारातला कंपनीचा मक्ताही गेला आणि व्यापाऱ्यांची झुंबड उडाली. मुंबईत त्यात सर्वांत मोठं नाव सर जमशेटजी जीजीभॉय यांचं. कॅन्टनचे विल्यम जार्डिन त्यांचे मित्र आणि व्यापारातले सोबती. जमशेटजींचे भागीदार मोतीचंद अमीचंद आणि महंमद अली रोगे. एक पारशी, एक जैन, एक कोकणी मुसलमान. आपण सर्वधर्मसमभावावर एवढी व्याख्यानं देतो, पण अफूच्या पेढीवर तो बिनबोभाट नांदत होता!

तिकडं चीनची चांदी आता उलटी बाहेर वाहू लागली. १८३९ मध्ये सम्राटानं लिन झेशू या अधिकाऱ्याला कॅन्टनला पाठवलं. त्यानं वीस हजारांवर पेट्या ताब्यात घेतल्या, खड्ड्यांत मीठ-चुना घालून विरघळवल्या आणि समुद्रात सोडल्या. पेट्या सोपवताना इंग्रजांचे प्रतिनिधी चार्ल्स इलियट यांनी व्यापाऱ्यांना सरकारी भरपाईचा शब्द दिला होता. इथं गोष्ट फिरली. चोरट्या मालाचं नुकसान सरकारचं देणं होऊन बसलं. ते देणं चीनकडून वसूल करायचं तर आरमार हवं.

मी कवी, माझं लक्ष शब्दांकडं जातं. युद्धाच्या बाजूचे लोक 'अफू' हा शब्द टाळत. ते म्हणत, मुक्त व्यापार, राष्ट्राचा अपमान. १८४० साली ग्लॅडस्टन यांनी पार्लमेंटात या युद्धावर कोरडे ओढले, तरी सरकारविरोधी ठराव फक्त नऊ मतांनी पडला.

२९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला. हाँगकाँग गेलं, पाच बंदरं उघडली, दोन कोटी दहा लाख डॉलरची खंडणी बसली. त्यात नष्ट केलेल्या अफूचे साठ लाख होते. सह्या झाल्या त्या 'कॉर्नवॉलिस' या युद्धनौकेवर. ती नौका १८१३ साली मुंबईच्या गोदीत, सागवानात, वाडियांनी बांधलेली. दुसऱ्या युद्धाचं निमित्त 'ॲरो' नावाच्या जहाजाचं, भूक मात्र तीच. १८५८ मध्ये चीनला अफूवर जकात ठरवून ती उघड आत घ्यावी लागली.

त्याच १८४२ साली जमशेटजी 'सर' झाले. १८४५ मध्ये त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं जे. जे. रुग्णालय सुरू झालं. १९९४ साली माझ्या मामूंना घेऊन मी तिथं पंधरा दिवस होतो. रात्री व्हरांड्यात चादर टाकून झोपायचो. शेजारी पाटोद्याचा एक जण बायकोला घेऊन आलेला, तोही उचल घेऊनच. हा इतिहास मी नंतर वाचला. वाचून पुस्तक मिटलं आणि मामूंना सांगायचं ठरवलं. मामू तोवर खडखडीत बरे होऊन शेतात जात होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेटा, त्या चिन्यांसाठी कुणी दवाखाना बांधला का रे?"

मला उत्तर देता आलं नाही. मामींनी तेवढ्यात चहा आणला.