यंत्रांचा अर्ज आणि त्याची तपासणी



शाळाप्रवेशाचा अर्ज आपण सर्वांनीच भरलेला आहे. जन्मतारीख राहिली, की खिडकीवरचे कारकून तो परत करतात. इंटरनेट चालविणाऱ्या राउटर, स्विच या यंत्रांनाही असाच अर्ज द्यावा लागतो. त्यास कॉन्फिगरेशन म्हणतात. त्या अर्जाचा कोरा नमुना व त्याचे नियम ज्या भाषेत लिहितात, ती 'यांग'. आरएफसी ६०२० या दस्तऐवजाने ती २०१० साली प्रमाण झाली. २०१६ साली आरएफसी ७९५० ने तिची १.१ आवृत्ती आणली.

काही नियम सोपे असतात. व्हीएलएएनचा क्रमांक १ ते ४०९४ यांतलाच हवा. ५००० लिहिला, की तो तिथल्या तिथे नाकारला जातो. 'लीफरेफ'चा नियम सांगतो, की ज्या पोर्टचे नाव घ्याल तो यादीत असला पाहिजे. विद्यार्थ्यांचा घोळ होतो तो 'व्हेन' आणि 'मस्ट' यांत. वसतिगृहात राहणार असाल तरच खोलीचा रकाना, हे 'व्हेन'. एरवी तो रकानाच नसतो. परीक्षा संपल्याची तारीख सुरू झाल्याच्या आधीची नसावी, हे 'मस्ट'. ते मोडले, की अर्ज फेटाळला जातो.

मात्र मसुदा अर्धवट ठेवण्याची मुभा आहे, आणि मला ही सोय फार शहाणपणाची वाटते. आज अर्धे भरा, उद्या उरलेले. 'मस्ट', 'लीफरेफ' यांची अंतिम तपासणी मसुदा लागू करताना होते. चालू असलेले कॉन्फिगरेशन मात्र सदैव नियमांत बसणारे हवे.

एक चूक माझीच सांगतो. प्रत्येक पोर्टला आयपी पत्ता हवाच, असा 'मस्ट' मी एका नमुन्यात घातला. स्विचच्या साध्या पोर्टला असा पत्ता लागत नाही, हे ध्यानातच आले नाही. बिनचूक अर्ज परत येऊ लागले. त्यातून नियमासोबत कारण सांगणारा संदेश लिहिता येतो, तो मी लिहिला नव्हता. सहकारी रात्री उशिरापर्यंत स्वतःचीच चूक शोधत बसले. मुलांनो, नियम लिहाल तेव्हा तो संदेशही लिहा.

आणि पालकहो, ही तपासणी झाली म्हणजे सारे ठीक, असे समजू नका. दोन शहरांकडे जाणाऱ्या जोडण्यांचे पत्ते लिहिताना अदलाबदल झाली, तरी दोन्ही पत्ते नियमांत बसतात, आणि अर्ज मंजूर होतो.