सूर्याभोवतीचे शिसे

सूर्यामध्ये जी शक्ती अखंड निर्माण होत असते, ती पृथ्वीवर माणसाच्या हुकमतीत आणता येईल काय, हा प्रश्न नवा नाही. 1955 साली अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांसंबंधी जिनिव्हा येथे जागतिक परिषद भरली. तिचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा यांनी असे भाकीत केले होते की, अणुसंमीलनाची ऊर्जा नियंत्रित स्वरूपात मिळविण्याचा मार्ग पुढील वीस वर्षांत सापडेल. त्या भाकिताला आता सत्तर वर्षे उलटली. या काळात प्रगती झाली नाही असे नाही. पण प्रत्येक टप्प्यावर नवी अडचण उभी राहिली. त्यांपैकी एका अडचणीचा आज विचार करावयाचा आहे.

कोलकात्याच्या पूर्वेस न्यू टाउन हे नवे नगर वसले आहे. नोकरीच्या निमित्ताने सध्या माझा मुक्काम तेथे आहे. शेजारच्या बिधाननगरात मेघनाद साहांच्या नावाची संस्था आहे. तापलेल्या वायूतील अणूंपासून इलेक्ट्रॉन किती प्रमाणात सुटे होतात, हे सांगणारे समीकरण साहांनी 1920 साली मांडले. पुढे 1980 च्या दशकात त्यांच्या संस्थेत जपानहून आणलेले एक लहानसे टोकामॅक बसविण्यात आले. तप्त प्लाझ्माला चुंबकीय कड्यात कोंडून धरणारे हे यंत्र. अशा यंत्राचा विषय निघाला की, पहिला प्रश्न ठरलेला असतो: तापमान किती? मोठ्या यंत्रात पंधरा कोटी अंश, हे उत्तर ऐकून माणूस थक्क होतो आणि तेथेच थांबतो. त्या अग्नीभोवती जे आवरण असते त्याचे तापमान किती, आणि ते कसे सांभाळायचे, हे सहसा कोणी विचारीत नाही. मी शास्त्रज्ञ नव्हे, कारभारातला माणूस आहे. म्हणून असेल कदाचित, मला हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो.

आवरण हवे कशाला? ड्यूटेरियम आणि ट्रिटियम यांचे संमीलन झाले म्हणजे निघणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ऐंशी टक्के ऊर्जा न्यूट्रॉन घेऊन जातो. त्याला विद्युत्भार नसल्यामुळे चुंबक त्याला अडवू शकत नाही. त्याला आवरणातच थोपवून त्याची उष्णता काढून घ्यावी लागते. शिवाय ट्रिटियम निसर्गात जवळजवळ मिळतच नाही, आणि साठवावे तर सव्वाबारा वर्षांत निम्मे उरते. पण लिथियमवर न्यूट्रॉन आदळला की ट्रिटियम तयार होते. म्हणजे हे आवरण चूलही आहे आणि सरपणाचे रानही आहे. नुसते लिथियम पाण्याशी झगडा करणारे. शिशात थोडे मिसळले की ते पुष्कळ निवळते आणि शिसे न्यूट्रॉनांची संख्याही वाढविते. म्हणून वितळलेले शिसे-लिथियम आवरणातून खेळवावे, ही कल्पना पुढे आली. फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या ‘इटर’ प्रकल्पात भारत 2005 साली सहभागी झाला, आणि आपल्या शास्त्रज्ञांनी चाचणीसाठी याच धातूवर आधारलेल्या आवरणाचा आराखडा मांडला. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आणि आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात या धातूवर प्रयोग झाले.

हा धातू वितळतो सुमारे 235 अंश सेल्सिअसला. कल्हईवाल्याचे कथील वितळते 232 अंशांना. श्रोतेहो, कल्हईवाला आपण सर्वांनी पाहिलेला आहे. भाता मंदावला तर कथिलाची गुठळी होते. भांडे फाजील तापले तर कल्हई करपते. दोहोंमधली अरुंद वाट त्याचा हात आणि डोळा ओळखतो. शिसे-लिथियमची वाटही अशीच आहे. एका बाजूला 235 अंशांवर ते थिजण्याची भीती. दुसऱ्या बाजूला सुमारे 480 अंशांच्या पुढे हा धातू पोलादालाच खाऊ लागतो. कल्हईवाल्याला ही वाट काही क्षण सांभाळायची असते. येथे ती नळ्यांच्या साऱ्या जाळ्यात, रात्रंदिवस, वर्षानुवर्षे सांभाळायची आहे.

त्यासाठी धातू सोडण्यापूर्वी सगळ्या नळ्या बाहेरून विजेने तापवून घेतात. नळीभोवती तापक तारा गुंडाळलेल्या, त्यांवर उष्णतारोधक वेष्टन, आणि ठिकठिकाणी तापमान मोजणारी थर्मोकपले. साठ्याची टाकी सर्वांत खाली ठेवतात, म्हणजे वीज गेली तर धातू थिजण्याआधी आपल्याच भाराने टाकीत उतरतो. तरीही थिजलाच, तर वितळविण्याची सुरुवात मोकळ्या टोकाकडून करावी लागते. कारण वितळताना तो फुगतो, आणि मधोमध तापविला तर कोंडलेला धातू नळी फोडतो.

कचेरीतील वातानुकूलन यंत्रही तापमान सांभाळतेच. पण तेथे दोन अंशांची चूक झाली तर कोणी पंखा लावतो, इतकेच. येथे तापक वाढविल्यावर उष्णता धातूपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. नियंत्रकाने उतावळेपणाने आणखी वाढविले की, धातू मर्यादेपलीकडे जातो. घाबरून कमी केले की, खाली येतो. किती चूक आहे, किती वेळ चालली आहे आणि कोणत्या वेगाने बदलते आहे, ही तिन्ही मापे पाहूनच हुकूम द्यावा लागतो.

त्यातच चुंबकाची भर पडते. वाहता धातू विजेचा वाहक. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात तो शिरला की, त्यात विद्युत्प्रवाह उठतात आणि त्याच्याच वाटेत आडवे येतात. कोठे धार मंदावते, कोठे कडेने जोरात धावते. जेथे मंदावते तेथे उष्णता साचते. या वागणुकीचे प्रयोग आपल्या शास्त्रज्ञांनी लॅटव्हियातील भौतिकी संस्थेच्या साहाय्याने केले.

आणि मोजणारे साधनच दगा देईल तर? जपानच्या मोंजू अणुभट्टीत, ती संमीलनाची नसून विखंडनाची होती, 8 डिसेंबर 1995 रोजी द्रव सोडियम गळून आग लागली. कारण काय? नळीत खोचलेल्या तापमापकाचे आवरण प्रवाहाच्या कंपनाने मोडले होते. पहाऱ्यासाठी ठेवलेल्या रखवालदारानेच दार उघडे टाकावे, तसे हे झाले. ती भट्टी पुढे 2010 साली पुन्हा सुरू झाली, पण फार काळ चालली नाही. 2016 मध्ये ती कायमची मोडीत काढण्याचे ठरले.

फेब्रुवारी 2025 मध्ये फ्रान्सच्या वेस्ट या यंत्राने प्लाझ्मा 1,337 सेकंद, म्हणजे बावीस मिनिटे टिकविला. ही गोष्ट मोठीच आहे. परंतु वीज देणारी भट्टी वर्षानुवर्षे चालावी लागते, आणि तिचे आयुष्य त्या कोट्यवधी अंशांपेक्षा भोवतालच्या दोन-अडीचशे अंशांच्या वाटेवर अधिक अवलंबून राहील. तेव्हा यापुढे कृत्रिम सूर्याची बातमी कानी आली, तर ‘किती तापला?’ याबरोबर ‘त्याच्या भोवतीचे शिसे किती दिवस थिजले नाही आणि करपले नाही?’ हेही विचारावे. डॉ. भाभांचे भाकीत खरे ठरण्यास आणखी किती काळ लागेल, याचा अंदाज त्या दुसऱ्या उत्तरातूनच अधिक नेमका बांधता येईल.