पैसा कुठे जाणार, हे कोण ठरवतं?

शाळेला संगणक येतात, वस्तीवर पाण्याची टाकी येते आणि तिच्यावर कंपनीचं नाव असतं. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्यातले निदान २ टक्के समाजकामावर खर्च करायला सांगितलंय. पुष्कळदा हा पैसा त्यांच्या फाउंडेशनमार्फत येतो.

पण तो कुठे जाणार, हे ठरवायला आपल्यातली कोणी असते का? ग्रामपंचायतीत २०११ पासून आपल्या राज्यात निम्म्या जागा बायकांच्या आहेत, त्यात दलित-आदिवासी बहिणींच्याही. फाउंडेशनच्या विश्वस्तांना असा नियम नाही. तिथल्या प्रमुखांनी मनावर घेतलं तरच काही हलतं.

आमचं त्यांना सांगणं आहे, अर्ज मराठीत घ्या. नाहीतर ज्याला इंग्रजी लिहिता येतं त्यालाच पैसा मिळतो, मग काम कुणाचंही असो. बचत गटाला हा पैसा थेट मिळत नाही, नोंदणी केलेली संस्था लागते. मग त्या संस्थेत पारधी वस्तीवरची, एकल किंवा अपंग बाई पदावर आहे, की नुसती फोटोत, हे तरी बघा.

आणि मंडळावर एकच बाई घेऊन भागत नाही. एकटी बाई चहा पिऊन परत येते, आम्ही पाहिलंय! दोघी-तिघी घ्या, बुडालेली मजुरी द्या.

साहेब पाहणीला आले की आपण ओवाळतो. यंदा ओवाळून झाल्यावर, गाडी निघायच्या आत विचारूया, "तुमच्या मंडळात आमच्यासारखी कोण आहे?"