दोन तारा, एकच खड्डा
(बदनापूर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ११:४० च्या सुमारास मुंबईतल्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे, म्हणजे एनएसईचे, व्यवहार थांबले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचारला, आणि बाजाराची वेळ त्या दिवशी पाचपर्यंत वाढवावी लागली. महिन्याच्या वायद्यांची मुदत दुसऱ्याच दिवशी संपायची होती, त्यामुळे ज्यांचे सौदे अधांतरी राहिले त्यांची काय अवस्था झाली असेल, विचार करा.

एनएसईकडे पैशाला तोटा नव्हता, माणसांनाही नव्हता. मुख्य केंद्र वांद्रे-कुर्ला संकुलात, माहितीची हुबेहूब प्रत ठेवणारी जवळची दुसरी जागा, आणि मोठ्या संकटासाठी तिसरे केंद्र चेन्नईला. जवळच्या दोन जागांमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या तारा. कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती. पण दोन्ही कंपन्यांच्या तारा त्या दिवशी डळमळल्या, आणि एनएसईने नंतर दिलेल्या खुलाशात कारण आले ते वाटेवर चाललेल्या खोदकामाचे आणि बांधकामाचे.

गोष्ट इथेही संपायला हवी होती. दुसऱ्या जागेशी संपर्क तुटला तर मुख्य साठवणयंत्रणेने, म्हणजे सॅनने, एकटीने काम चालू ठेवायचे अशीच तिची रचना होती. ती उलटेच वागली. सर्व्हर जिवंत, डिस्का शाबूत, पण सर्व्हरांना साठवण दिसेना. सौद्यांची जोखीम मोजणारी प्रणाली बंद पडली, आणि ती बंद असताना बाजार चालू ठेवणे धोक्याचे म्हणून बाजारच थांबवावा लागला.

आज मला याच विषयावर बोलायचे आहे. अनेक यंत्रांनी मिळून एक डेटाबेस चालवणे, ज्याला आम्ही मंडळी क्लस्टर म्हणतो, त्याची आखणी कशी करावी. विषय मुंबईचा वाटेल, पण तो बदनापूरचाही आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकांची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करू लागला. राज्यात सातबारे अडीच कोटींच्या आसपास. इथल्या सेतू केंद्रासमोर उन्हात उभ्या माणसाला ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असे सांगितले जाते तेव्हा त्याची मजुरी बुडते, कधी विम्याची तारीखही निघून जाते. त्याला वाटते, हे पावसासारखे आहे, आपल्या हातात नाही. मी तुम्हाला सांगतो, बहुतेक वेळा ते कुणाच्या तरी हातात होते, आणि यंत्रे विकत घेण्याच्या आधी होते.

आखणी सुरू होते ती कामाच्या मोजमापापासून. खरेदी समितीत पहिला प्रश्न येतो, ‘किती टीबी लागतील?’ हा प्रश्न चुकीच्या टोकाला धरलेला आहे. एक हिशेब मांडू. समजा, एका योजनेत तीन लाख नोंदी व्हायच्या आहेत, आणि आपल्या सवयीप्रमाणे त्यातल्या साठ हजार शेवटच्या दिवशी सहा तासांत आल्या. म्हणजे सेकंदाला सरासरी तीनही नाहीत. पण माणसे सरासरीने येत नाहीत. वीज आली, रेंज आली की सगळे एकदम येतात. म्हणून दहापट धरा, सेकंदाला अठ्ठावीस. एका नोंदीमागे डेटाबेस पंधरा ठिकाणी लिहितो असे धरले तर सेकंदाला ४२० लेखने झाली.

आता डिस्क बघा. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी साधी फिरती डिस्क सेकंदाला ७५ ते १०० कामे करते. रेड-५ पद्धतीने, म्हणजे मजकुराबरोबर त्याची पडताळणीही ठेवून, डिस्का जोडल्या तर एका लहान लेखनासाठी चार कामे पडतात: जुना मजकूर वाच, जुनी पडताळणी वाच, मग दोन्ही नव्याने लिही. ४२० चे झाले १,६८०. म्हणजे १७ ते २३ डिस्का हव्यात. रेड-१० केले, म्हणजे प्रत्येक मजकूर डिस्कांच्या जोडीवर दोनदा लिहिला, तर दोनच कामे पडतात, ८४० होतात, दहा ते बारा डिस्कांत भागते. आणि साठवायची माहिती किती? नोंदी तर एका डिस्कच्या कोपऱ्यात मावतील. प्रत्येक नोंदीबरोबर तीनशे केबीचा फोटो धरला तरी सगळे मिळून ९० जीबी, आणि फोटो डेटाबेसमध्ये कोंबायचेही नसतात, ते वेगळे ठेवायचे. जागेचा हिशेब करून एक मोठी डिस्क घेणारा माणूस शेवटच्या तारखेला हमखास अडकतो. आज अर्थात एसएसडी आहेत, त्या हजारोंनी कामे करतात. पण त्यातही दुकानातली स्वस्त एसएसडी आणि सर्व्हरची एसएसडी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुसरीत लहान कपॅसिटर असतात. वीज अचानक गेली तर हातातले लेखन पुरे करण्याइतका प्राण ते धरून ठेवतात. मराठवाड्यात वीज कशी जाते हे मी तुम्हाला सांगायला नको.

प्रोसेसरबाबत एकच सूत्र पाळा. दोन यंत्रांच्या क्लस्टरमध्ये कोणतेही यंत्र ऐन गर्दीत निम्म्याहून जास्त भरलेले नसावे. एक पडले की त्याचा सगळा भार दुसऱ्यावर येतो. दोन्ही सत्तर-सत्तर टक्के भरलेली असतील तर एकामागे दुसरेही झोपणार.

नेटवर्ककडे येऊ. क्लस्टरमधली यंत्रे एकमेकांना सतत विचारत असतात, ‘आहेस ना?’ ही विचारपूस, आणि स्मृतीतून स्मृतीत जाणारी माहिती, यांसाठी वेगळे खासगी जाळे हवे, तेही दोन वेगळ्या स्विचांवर. ते लोकांच्या वर्दळीच्या जाळ्यात मिसळले की गर्दीच्या वेळी उत्तर उशिरा पोचते, आणि धडधाकट यंत्र मेले असे समजून त्याला बाहेर काढले जाते.

यापेक्षा भयंकर म्हणजे तार तुटणे. यंत्रे दोन असतील आणि मधली तार तुटली, तर प्रत्येकाला वाटते दुसरा गेला, आता मीच मालक. दोघेही लिहू लागतात. एकाच खात्यातून दोनदा पैसे काढले जातात, आणि पुढे कोणती वही खरी हे कुणालाच ठरवता येत नाही. म्हणून मते विषम ठेवायची, निदान तीन. ज्याच्या बाजूला बहुमत, त्यानेच लिहायचे, दुसऱ्याने गप्प बसायचे. चार यंत्रे घेतली म्हणून तीनपेक्षा जास्त सुरक्षित झालो असे समजू नका. चारात बहुमत तीनाचे, म्हणजे एकच यंत्र पडलेले चालते, तीनातही एकच. आणि तिसरे मत तिसऱ्या गावी हवे. जालन्यात एक, छत्रपती संभाजीनगरात एक, आणि तिसरे मतही जालन्याच्याच खोलीत ठेवले, तर जालन्याची वीज गेली की संभाजीनगरचे यंत्र चांगले असूनही मुके बसेल. या तिसऱ्या मताला महागडे यंत्र लागत नाही. साधा लहान संगणक पुरतो. त्याची जागा महत्त्वाची.

अंतराचा हिशेब तर निसर्गानेच घालून दिलेला आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. बदनापूरहून जालना वीसेक किलोमीटर, जाऊन-येऊन मिलिसेकंदाचा पाचवा हिस्सा. इतक्या अंतरावर दोन्हीकडे लिहून झाल्यावरच ‘झाले’ म्हणता येते. मुंबई-चेन्नई सरळ रेषेत हजार किलोमीटरच्या वर, जाऊन-येऊन निदान दहा मिलिसेकंद. प्रत्येक व्यवहाराने चेन्नईच्या उत्तराची वाट पाहायची ठरवली, तर एकाच खात्यावर एकामागून एक होणारे व्यवहार सेकंदाला शंभराच्या वर जाऊच शकत नाहीत, मग यंत्र कितीही कोटींचे असो. म्हणूनच जवळची प्रत तत्क्षणी आणि दूरची थोडी मागून, अशी विभागणी करतात. दूरच्या प्रतीत शेवटचे काही व्यवहार नसतील, हे आधी मान्य करून, लेखी मान्य करून, पुढे जायचे असते.

आता पुन्हा त्या खोदकामाकडे. विहिरीवर दोन मोटारी बसवल्या आणि दोन्ही एकाच डीपीवर असतील, तर डीपी जळाल्यावर दुसऱ्या मोटारीचा उपयोग काय? क्लस्टरच्या आखणीत मी हाच प्रश्न प्रत्येक वस्तूला विचारतो: ही आणि ती एकदम कशाने जाईल? दोन पॉवर सप्लाय आहेत, पण दोन्ही एकाच यूपीएसला लावलेत का? साठवणीच्या पेटीत दोन कंट्रोलर आहेत, पण आतली प्रणाली एकच, तिच्यातला दोष दोघांना एकदम पाडेल का? दोन कंपन्यांचे फायबर घेतले, पण दुसरी कंपनी पहिलीच्याच नळीतून तार भाड्याने नेते का? बिल दोन नावांनी येते म्हणून वाटा दोन होत नाहीत. जालना-संभाजीनगर रस्त्याच्या कडेला जेसीबी चालतो तेव्हा तो कंपनीचे नाव वाचून खोदत नाही. म्हणून करारात वाटेचा नकाशा मागा. एक तार रस्त्याने, दुसरी रेल्वेच्या कडेने, आणि दोन्ही ज्या ठिकाणी जवळ येतात तिथून पलीकडे टॉवरवरून रेडिओ जोडणी. आपल्याकडे रस्ता आणि रूळ दोन्ही बदनापुरातूनच जातात, तेव्हा ‘जवळ येतात’ ही जागा पायी जाऊन पाहा.

एनएसईच्या घटनेनंतर बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने मार्च २०२१ मध्ये शेअर बाजारांसारख्या संस्थांना नियम घातला: महत्त्वाची प्रणाली बंद पडली तर तीस मिनिटांच्या आत आपत्ती जाहीर करायची, आणि जाहीर केल्यापासून पंचेचाळीस मिनिटांत दुसऱ्या केंद्रावर काम सुरू करायचे. मला यातली पहिली तीस मिनिटे फार मोलाची वाटतात. यंत्र बंद पडल्यावर सर्वांत जास्त वेळ दुरुस्तीत जात नाही. ‘आत्ता होईल, पाच मिनिटांत होईल’ यात जातो. निर्णय कुणाचा, किती मिनिटांनी, हे शांत दिवशी ठरवून भिंतीवर लावलेले असावे.

आणि प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. कुणी चुकून एक तक्ता पुसला, तर क्लस्टर तो निष्ठेने सगळीकडे पुसतो. आपल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने तुरीची बीडीएन-७११ सारखी वाणे दिली. अशा कामामागे वर्षानुवर्षांच्या चाचण्यांची टिपणे असतात. २०१२-१३ च्या दुष्काळात कोणत्या रोपाने तग धरला ही नोंद हरवली, तर तो दुष्काळ पुन्हा पेरता येत नाही. अशी माहिती क्लस्टरपासून तोडलेल्या, वेगळ्या जागी असावी, आणि वर्षातून काही वेळा कोऱ्या यंत्रावर उभी करून पाहावी. उभी करून न पाहिलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

निविदेत एक अट घाला, असा माझा आग्रह आहे. यंत्रणा ताब्यात घेण्याच्या दिवशी पुरवठादाराने भर कामात एक तार उपसायची, मग एक स्विच बंद करायचा, मग एका यंत्राची वीज, आणि शेवटी दोन केंद्रांमधला संपर्क. प्रत्येक वेळी घड्याळ लावायचे. मुंबईत साठवणयंत्रणा जशी उलटी वागली, तसे वागणे कागदावर दिसत नाही, ते तार उपसल्यावरच दिसते. चाचणी मे महिन्यातल्या दुपारी घ्या. सर्व्हरच्या तोंडाशी हवा १८ ते २७ अंशांची असावी असा संकेत आहे, आणि बाहेर बेचाळीस असताना एक एसी बंद करून पाहिल्याशिवाय दुसरा पुरतो की नाही ते कळत नाही.

शेवटी, पैशांबद्दल. इथे पतसंस्थांचे संचालक बसले आहेत, म्हणून स्पष्ट सांगतो. तुमच्या संस्थेला एक तास काम थांबलेले परवडत असेल, तर क्लस्टर घेऊ नका. तो सांभाळायला जाणता माणूस रात्रंदिवस लागतो, आणि अर्धवट सांभाळलेला क्लस्टर एकट्या यंत्रापेक्षा जास्त वेळा पडतो. एक चांगला सर्व्हर, जालन्यात त्याची थोडी मागून चालणारी प्रत, तिसरीकडे रोजचा बॅकअप, आणि प्रतीकडे वळायचे कसे याची मराठीत लिहिलेली एक पानाची कृती. उरलेल्या पैशांतून दुसरी तार घ्या, वेगळ्या वाटेची.